चाळीस सेकंदांतलं औषध

सोमवार, ता. २०

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचे बंधुराज काल सकाळी टोमॅटोच्या सरीत चक्कर येऊन पडले. हाड मोडलेलं नाही, डोक्यालाही मार नाही, असं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी दोनदा तपासून सांगितलं आहे. तेव्हा पत्र अर्धवट टाकून गाडी पकडायला धावू नका. रक्तदाबाचा वरचा आकडा मात्र एकशे नव्वद निघाला. सिस्टरनी दंडाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा तेच. मग त्यांनी मला विचारलं की गोळ्या चालू आहेत ना. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे आडवे पडल्या पडल्या म्हणाले की बंद केल्यात, रेडिओवर सांगितलं तसं. सिस्टरनी विचारलं, कुठल्या रेडिओवर? तर म्हणे, माझ्या बहिणीच्या.

मी स्टुलावर बसलेली होते म्हणून बरं. नाहीतर त्यांना दुसरी खाट शोधावी लागली असती.

आता तुम्हीच सांगा. अकरा तारखेपासून सकाळी पावणेसातला तुमच्या आवाजातले दोन संदेश लागतात. पहिला रक्तदाबाचा, मग जरा बासरी वाजते आणि लगेच टोमॅटोचा. त्यात तुम्ही म्हणता की तोडणीआधी आठ दिवस औषध पूर्ण बंद ठेवा. भांडी घासता घासता मीही ऐकलं आणि मला कळलं की हे फवारणीचं चाललंय. यांचं म्हणणं असं की तोडणी आठ दिवसांवर होती, तोडणारे हे स्वतः, आणि आपल्याकडे फवाऱ्यातल्यालाही औषध म्हणतात, बाटलीतल्यालाही. मग कुठलं बंद करायचं हे संदेशात कुठे होतं? मी विचारलं की टोमॅटोला रक्तदाब असतो का. तर मलाच गप्प केलं. ती शिकलेली आहे, विचार करूनच बोलत असणार म्हणे.

मी रोज विचारत होते की गोळी घेतली का. हे रोज मान हलवत होते. ती हलवलेली मान हो असते की नाही असते, हे मला लग्नाला बावीस वर्षं होऊनही कळलेलं नाही.

माझा राग तुमच्यावर नाही, पण थोडा आहे. डॉक्टरांचं हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात. माझं तर कानापर्यंत जातच नाही. पण तुम्ही चाळीस सेकंद बोललात की घरात तो कायदा. मातीच्या तपासणीचा संदेश लागला तेव्हा सात ठिकाणची माती माझ्या धुतलेल्या उशीच्या अभ्र्यांत भरून आणली. डासांचा लागला तेव्हा गल्लीत साठलेलं सगळं पाणी ओतून टाकलं. त्यात गिरणीवाल्याच्या बायकोने कपडे भिजवलेली बादलीही गेली, आणि ती आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती. तेवढं मी चालवून घेतलं. पण हे आता जिवावर आलंय. काहीतरी करा.

सिस्टरनी नवं पाकीट दिलंय. एकदम दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत, रोजची रोज एक, असं मलाच बजावलं आहे. जुनं पाकीट हे म्हणतात हरवलं.

राग आहे तसा लोभही आहे. दोन्ही सांभाळा.

तुमची,
वहिनी

शुक्रवार, ता. २४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी ऑफिसात मिळालं. उभ्या उभ्या वाचलं आणि मग खुर्चीत बसून परत वाचलं. दादाला आता कसं वाटतंय ते उलट टपाली कळव. रोजचा आकडा एका कागदावर लिहून ठेव. मी येणारच होते, पण तू येऊ नको म्हणतेस आणि इथे जे करायचं आहे ते मला इथेच बसून करायचं आहे.

तो टोमॅटोचा संदेश मी कालच काढायला लावला. आजपासून त्या जागी विहिरीच्या पाण्याचा लागेल. पण जे बारा-तेरा दिवस वाजलं ते वाजलं.

वहिनी, मी तुला शपथेवर सांगते, मी फवारणीचं औषध असंच लिहिलं होतं. मला ते वाक्य तोंडपाठ आहे. आमच्याकडे संदेश चाळीस सेकंदांचा. त्याच्या वर एक सेकंद चालत नाही, कारण पुढे बाजारभाव लागतात. चाळीस सेकंदांत फार तर ऐंशी शब्द बसतात, आणि ऐंशी शब्दांत शेतकी अधिकाऱ्यांना खत हवं असतं, पाणी हवं असतं, कीड हवी असते आणि कार्यालयाचा पत्ताही हवा असतो. मग आमचे साहेब लाल पेन्सिल घेऊन बसतात. त्यांच्या टेबलावर एक घड्याळ आहे, त्याचा बारीक काटा टकटक करत फिरतो. ते ओठ हलवत मनात वाचतात आणि काट्याकडे बघत शब्द खोडतात. कुठलाही विशेषणासारखा दिसणारा शब्द त्यांना चरबीसारखा वाटतो. फवारणीचं हा शब्द त्यांनीच उडवला असणार. एका शब्दाचं अर्धं सेकंद वाचलं, आणि माझा भाऊ सरीत आडवा झाला.

सोमवारी मी त्यांच्यासमोर बसणार आहे. त्या खोलीत रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, आवाज येतो म्हणून. मी पंखा बंद करूनच बोलणार आहे, म्हणजे त्यांना लवकर घाम फुटेल. चूक झाली, ती रेडिओवरच दुरुस्त व्हायला हवी, असं मी लेखी मागणार आहे. अकरा वर्षं मी हे संदेश लिहिते आणि वाचते. वाचताना डोळ्यांपुढे आपलं अंगण असतं, कोनाड्यातला रेडिओ असतो. आणि तिथेच हे असं व्हावं!

दादाला सांग की त्याचा पोपट, लहानपणापासून तो मला म्हणतो तो, फार चिडलाय. आणि त्यालाही सांग की समजलं नाही तर विचारायचं असतं. मी रेडिओत बसलेली असले तरी पत्राला उत्तर देते.

मुलीची परीक्षा कशी झाली ते लिहायचं विसरलीस. तिला आशीर्वाद. तुझी माया अशीच रागावत राहू दे.

तुझी,
नणंद

मंगळवार, ता. २८

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही सोमवारी साहेबांना घाम फोडणार होतात. फोडला नसेल तर थांबा, आणि फोडला असेल तर निदान त्यांना पंखा लावून द्या. जुनं पाकीट सापडलं.

रेडिओ पुसायला म्हणून कोनाड्यातून काढला, तर त्याच्या मागे तीन पाकिटं रबर लावून ठेवलेली. दहा-दहाच्या तीन. महिन्याच्या एक तारखेला सिस्टरनी दिली होती, मी स्वतः आणली होती. मोजल्या तर पंचवीस शिल्लक. म्हणजे यांनी पाच खाल्ल्या आणि सहा तारखेला सोडल्या. तुमचा संदेश लागला अकराला. यांना तो पाच दिवस आधीच ऐकू आला होता, असं मी म्हटलं. हे छताकडे बघत बसले. छतात काही नाही, मी बघितलं.

शेवटी बोलले. गोळीने सारखं लघवीला लागतं. सकाळच्या कामात चार वेळा बांधावर जावं लागतं आणि तोडणीच्या बायका हसतात. पाच दिवस काढले, मग सोडल्या. मग संदेश लागला आणि यांना वाटलं की आपल्या मनातलंच बहीण बोलली. मी विचारलं की मग सिस्टरपुढे तिचं नाव का घेतलंत. म्हणाले, तुझ्यापुढे आणि सिस्टरपुढे एकाच वेळी काहीतरी सांगायला हवं होतं ना!

इथवर मी हसण्यावारी नेलं असतं. शिव्या दिल्या असत्या आणि हसलेही असते. पण पुढचं ऐका.

बारा तारखेला हे दळण घेऊन गिरणीत गेले होते. गिरणीवाल्यालाही रक्तदाब आहे, यांच्यापेक्षा जुना. तो सकाळी रेडिओ लावतो, पण गिरणीचा पट्टा सुरू झाला की त्याला काही ऐकू येत नाही. म्हणून कालच्या संदेशात काय सांगितलं हे तो यांना विचारतो. तो यांचा मान आहे, बहीण रेडिओत म्हणून. यांनी त्याला सांगितलं की कामाच्या दिवसांत औषध बंद ठेवायचं, गोळ्यांना विश्रांती लागते. गोळ्यांना विश्रांती हे तुमच्या संदेशात कुठेच नव्हतं. ते यांनी घरचं घातलं. गिरणीवाल्याने त्या दिवशी गोळ्या बंद केल्या, त्या आजतागायत बंद आहेत.

त्याची बायको काल रडत आली. बादलीचं विसरून आली, यावरून ओळखा. सिस्टर त्याच्या घरी जाऊन आल्या. तो म्हणतो, रेडिओने बंद करायला सांगितलं, रेडिओने अजून चालू करायला सांगितलेलं नाही. सिस्टरनी सांगितलं की रेडिओने असं म्हटलंच नव्हतं. तर म्हणे, तुम्ही त्या वेळी ऐकत होता का? आणि त्या खरंच ऐकत नव्हत्या.

आमचे हे माझ्यासमोर गोळी गिळतात. गिळली का हे बघायला जीभ वर करायला सांगावी लागते. आकडा काल एकशे साठ होता. मुलगी पास झाली, तेवढंच एक माणूस या घरात मला त्रास देत नाही.

आता साहेबांना सोडा आणि भावाला धरा. मला तो पेलत नाही.

लोभ कमी करू नका, सध्या मला त्याची गरज आहे.

तुमची,
वहिनी

शनिवार, ता. २

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला आहे. वहिनीला वाचून दाखवायला सांगू नकोस, स्वतः वाच, आणि खाटेवर बसून वाच.

पहिलं माझं सांगते, म्हणजे तुला मान खाली घालायला सोबत होईल. सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी शिपायाला फाइल आणायला सांगितली. संदेशाचा मूळ कागद निघाला. फवारणीचं हा शब्द खोडलेला होता, एकच रेघ, अगदी सरळ. रेघ निळी होती. साहेबांची पेन्सिल लाल असते, दादा. निळी माझी. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि उठून पंखा लावला.  

मी अर्धं सेकंद वाचवायला तो शब्द काढला आणि विसरूनही गेले. आपल्याच कोनाड्यात फवाऱ्याची बाटली एका फळीवर आणि आजारपणाची दुसऱ्या फळीवर असायची, आई दोन्हींना औषधच म्हणायची आणि आपल्याला लहानपणी खालच्या फळीला हात लावू देत नव्हती. हे माहीत असलेली सगळ्या ऑफिसात मी एकटी. आणि खोडलं मीच.

आता तुझं. तुला लघवीला लागतं तर डॉक्टरांना सांगायचं, ते गोळी बदलतात किंवा वेळ बदलतात. मी परवाच आमच्या आरोग्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की हे रोज एक तरी माणूस सांगतो, लाजायचं काही कारण नाही, पण न विचारता सोडली तर त्याला आम्ही काय करणार. तू बायकांच्या हसण्याला घाबरलास आणि माझ्या नावामागे लपलास. त्यावर मी चिडलेली आहेच, पण ते भावाबहिणीतलं आहे. गिरणीवाल्याचं तसं नाही. त्याचा जीव तुझ्या माझ्या भांडणात बसत नाही.

दुरुस्तीचा संदेश द्यायचा तर शेतकी आणि आरोग्य दोन्हीकडून मंजुरी लागते. साहेब म्हणाले, तीन आठवडे, आणि वाक्य असं येईल की कुणालाच काही चुकलं होतं हे कळणार नाही. मग त्यांनीच एक वाट सांगितली. गुरुवारी सकाळी श्रोत्यांचा अनुभव लागतो. तोही चाळीस सेकंद. त्याला फक्त डॉक्टरांची एक सही लागते. पण तो श्रोत्याने स्वतः बोलावा लागतो. मी बोलून चालत नाही.

तेव्हा बुधवारी तेरा तारखेला सकाळच्या गाडीने ये. खरं सांगायचं. गोळ्या आपल्या मनाने सोडल्या आणि नाव रेडिओचं घेतलं, हे तुझ्या तोंडून. आणि औषध दोन प्रकारचं, हेही तुझ्या तोंडून. माझी चूक मी टोमॅटोच्या नव्या संदेशात सुधारली आहे, पहिलाच शब्द फवारणीचं. त्यापायी पुढचा एखादा शब्द खोडावा लागला तरी चालेल.

येणार नसशील तर तसं लिही. कारण लिहू नकोस, कारणं तुझी मला पुरली.

आशीर्वाद मागत नाही, उत्तर मागते.

तुझा,
पोपट

गुरुवार, ता. ७

चि. पोपटास,
अनेक उत्तम आशीर्वाद, मागितले नसलेस तरी.

येतो.

तू लहान असल्यापासून फार बोलतेस, पण या वेळी लांबलचक लिहिलंस ते बरं केलंस. मी तीनदा वाचलं. वहिनीने विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं ख्यालीखुशाली. तिने पाकीट बघितलं आणि म्हणाली की चार पानं खुशाली असते होय?

काल गिरणीत गेलो होतो. दळण नव्हतं, नुसताच गेलो. त्याला सांगितलं की गोळ्या चालू कर, मी तुला चुकीचं सांगितलं. तो म्हणाला, त्या दिवशी तुझ्या बहिणीचा शब्द होता, आज नाही म्हणतोस, मग मी कुठल्या दिवसाचं खरं धरू? मी म्हटलं आजचं. तो म्हणाला, त्या दिवशीही तू असाच ठाम होतास. मग पोतं उचलायला वाकला आणि पोतं तसंच ठेवून त्याच्यावरच बसला, डोकं धरून. पट्टा मोकळाच फिरत होता. मी जाऊन बटण बंद केलं. सिस्टरला बोलावून आणलं. त्याचा आकडा तिने मला सांगितला नाही. माझा सांगते, त्याचा सांगितला नाही, यावरून काय ते समज. शहराच्या दवाखान्यात चल म्हणाली, तो ऐकेना.

माझं ऐकून सोडल्या. आता माझंच ऐकत नाही.

माझ्या दोन अटी आहेत. बांधावर जाण्याचं मी रेडिओवर बोलणार नाही. आणि कागद बघून वाचणार नाही, वाचलेलं त्याला लगेच ओळखू येईल. तुझ्या घड्याळाचं मला सांगू नकोस, मी बोलेन तेवढं बोलेन.

तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. निळ्या रेघेचं मी वहिनीला सांगितलेलं नाही. तू सांग किंवा नको सांगू.

गाडी वेळेवर असली तर दहाला पोचेन. न्यायला येऊ नकोस, मला रस्ता माहीत आहे. काळजी करतेस तशीच करत जा.

तुझा,
दादा

सोमवार, ता. १८

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

डॉक्टरांची सही झाली आणि गुरुवारी पावणेसातला लागणार, ही तुमची चिठ्ठी आज पोचली. मी ती सिस्टरना दाखवून आले. त्या म्हणाल्या की तोवर तीन दिवस काढायचे आहेत, ते त्या रोज गिरणीत जाऊन काढतील.

आमचे हे बुधवारी संध्याकाळी परत आले ते राजासारखे. सांगितलं की एका दमात बोललो, सगळे थक्क झाले. तुमच्या चिठ्ठीत अकरा वेळा रेकॉर्ड केलं असं आहे. पहिल्या वेळी दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली आणि तोवर हे आजोबांच्या विहिरीपाशीच होते, हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे हे माझ्याशीच असं बोलत नाहीत. चिठ्ठी यांच्यापुढे ठेवली. म्हणाले, अकरा वेळा यंत्र बिघडलं होतं.

पण शेवटच्या वेळचं तुम्ही लिहिलंत ते मी यांना दाखवलेलं नाही. एकोणचाळीस सेकंदांत झालं, आणि झाल्यावर काचेपलीकडचे रेकॉर्डिंगवाले यंत्र थांबवायचं विसरले, साहेबही घड्याळाकडे बघायचे राहिले. मी ते दोनदा वाचलं आणि चिठ्ठी पोळ्यांच्या... नाही, कुठे ठेवली ते सांगत नाही. या घरात मागे ठेवलेल्या वस्तू सापडतात. निळ्या रेघेचंही वाचलं. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. तुम्ही स्वतःला पुरेसं म्हणून घेतलेलं दिसतंय, आणि पहिल्या पत्रात मीही हात राखला नव्हता.

डॉक्टर मंगळवारी इथे येऊन गेले. यांनी मला बाहेर थांबायला सांगून त्यांना एकट्याने बांधाचं सांगितलं. गोळी बदलली आहे. काल आकडा एकशे चाळीस. जीभ आता न सांगता वर करतात, आणि वर तोंड करून विचारतात की झालं का समाधान. नाही झालं, असं मी म्हणते.

गिरणीवाल्याने अजून गोळी घेतलेली नाही. पाकीट शर्टाच्या खिशात घेऊन फिरतो, पीठ लागून ते पांढरं झालंय. यांनी त्याला सांगितलं की गुरुवारी मी लागणार आहे. त्याने विचारलं, काय बोललास? हे म्हणाले, तूच ऐक, या वेळी मी सांगणार नाही. त्यावर त्याने हातांचं पीठ झटकलं. मग म्हणाला की गुरुवारी सातपर्यंत पट्टा सुरू करणार नाही, म्हणजे शब्द न शब्द ऐकू येईल. ऐकतो आणि मग बघतो, एवढंच कबूल केलंय.

यांची झोप मात्र उडाली आहे. आज दुपारी मला विचारलं की ढग आले तर रेडिओ खरखरतो का. मी म्हटलं, खरखरला तर उभं राहून पुन्हा बोला, माणूस समोरच असेल.

तर गुरुवारी आम्ही सगळे गिरणीत. त्याच्या बायकोने पोती झटकून बसायला ठेवते म्हणून निरोप धाडलाय. सिस्टर दंडाचा पट्टा आणि पाण्याचा तांब्या घेऊन साडेसहालाच येणार आहेत. तुम्ही तिकडे काचेमागून ऐका. चाळीस सेकंद झाली की तो खिशात हात घालतो की नाही, ते मी त्याच दिवशीच्या टपालाने कळवते.

तोवर आमच्यावरचा जीव आवरू नका.

तुमची,
वहिनी